पाणी फिरायच्या आत

सर्जेकोटच्या बाहेर, सात वाव पाण्यात
आमच्या गटाचे सहा पिंजरे आहेत.
वरून बघाल तर काळ्या नळ्यांच्या सहा बांगड्या,
खाली जाळ्याची पिशवी, तळाला वजनं,
आणि आत जिताडे,
बोटाएवढे आणून सोडलेले, आता हातभर.

लोकांना भीती लाटेची.
दिसते म्हणून.
लाट पिंजरा उचलते, ठेवते, उचलते, ठेवते,
किरकिऱ्या पोराला मांडीवर घेतलेल्या बाईसारखी,
आणि तेवढ्यात नांगराच्या कडीपाशी
दोराचा एकेक पदर कातरून नेते.

ओढ दिसत नाही.
उधाणाला ती जाळ्याचा तळ आडवा करते,
पिशवीचा घेर निम्म्यावर आणते,
मग हजार मासे पाचशेंच्या जागेत
खवल्याला खवला घासत उभे.
खात्याचे नदाफ साहेब म्हणाले होते,
पाणी दुप्पट धावलं की ताण चौपट.
ते मी वहीत लिहिलं, खाद्याच्या उधारीखाली.

आणि भांगाला?
पाणी पडून राहतं. जाळ्याचे डोळे
शेवाळाने बुजतात, शिंपल्यांनी बुजतात,
मासे वर येऊन नुसती तोंडं उघडतात.
तेव्हा ओढ नकोच, असं म्हणायची सोय नाही.

कार्तिकात, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी,
वारा नव्हता. झापही हललं नव्हतं.
तरी रात्रभर फुगवटा येत होता,
कुठल्यातरी लांबच्या वादळाचा,
ज्याचं नावही आमच्यापर्यंत आलं नव्हतं.
सकाळी सातला होडी घेऊन गेलो
मी, माझा दीर दिगू, आणि आप्पा टिकम,
ज्यांची सगळी हयात रापण ओढण्यात गेली.

तीन नंबरचा एक दोर तुटलेला.
सुटलेल्या कडीने जाळं फाडलेलं,
किनाऱ्याच्या अंगाला, माणूस आरपार जाईल एवढं.
मी खाली वाकले. वाटलं, पिशवी रिकामी असणार.

मासे आत होते.
भरती चढत होती, आणि सगळेच्या सगळे
खोल समुद्राकडे तोंड करून, शेपट्या हलवत,
जागच्या जागी पोहत होते.
भोक त्यांच्या पाठीमागे होतं.
आप्पा म्हणाले, "मासो पाण्याक पाठ दाखवणा नाय, गो.
पण पाणी फिरला की तोपण फिरतलो."

साडेबाराला भरती संपणार होती.

दिगूने बुडी मारून फाटकी कड वर आणली.
मी नळीवर पालथी पडले, छातीपर्यंत पाणी,
दातात सुतळी, हातात आप्पांची बांबूची सुई,
रापणीच्या दिवसांतली, टोकाशी झिजून गुळगुळीत.
लाट उचलायची तेव्हा थांबायचं,
ठेवायची तेव्हा गाठ मारायची.
दोनदा सुई मासळीच्या जाळ्यात न जाता
माझ्याच तळव्यात गेली.
आप्पा होडीतून काही बोलत नव्हते,
फक्त मधूनच पाण्यावर थुंकायचे
आणि थुंकी कुठे वाहत जाते ते बघायचे.

शेवटी ती कुठेच गेली नाही.

दोर सैल पडले. पिशवी सरळ झाली.
मासे मोडले रांगेतून, कुणी तिरपा, कुणी आडवा,
देवळात पाया पडून बाहेर आल्यावर
चपला शोधणाऱ्या माणसांसारखे.
मग एक फिरला. मग दहा.
मग सगळा पिंजरा जमिनीकडे तोंड करून,
माझ्या टाक्यांसमोर.
काळ्या जाळ्यात निळी सुतळी.
एकाने नाक लावलं, मागे सरला,
पुन्हा लावलं.
मी हात काढला नाही.

संध्याकाळी वहीत लिहिलं:
तीन नंबर. टाके एकेचाळीस.
शेवटचा टाका बाराला.
किती गेले, मोजले नाहीत.
सुई आप्पांनी परत मागितली नाही.